अंगणामागची टिनाची खोली

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि लोक ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशी हाक देत नकोसे सारे गावाबाहेर धाडतात. त्याच मुहूर्तावर अंगणामागची टिनाची खोली रिकामी करायची, असे मी यंदा ठरवले. फुटक्या कुंड्या, कुजलेला पाइप आणि कूलरच्या काळ्या पडलेल्या वाळ्याच्या ताट्या तासाभरात बाहेर आल्या.

कोपऱ्यात एंडोसल्फान या कीटकनाशकाची अर्धी बाटली सापडली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ज्यावर बंदी घातली, ते विष इतकी वर्षे आमच्या घरात होते, हे पाहून मी हादरलो. ते नालीत ओतणे किंवा भंगारवाल्याला देणे हा अपराधच ठरला असता; घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कीटकनाशकांचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, म्हणून ती मी वेगळी बांधून ठेवली.

मग बाबांचा कलमाचे डोळे भरण्याचा चाकू हाती लागला. जंबेरी लिंबाच्या खुंटाच्या सालीला ‘टी’ आकाराची चीर देऊन ते त्यात संत्र्याचा डोळा अलगद सरकवत आणि पट्टीने घट्ट बांधत. पाते गंजले आहे. मुठीवर मात्र त्यांच्या अंगठ्याने पडलेला गुळगुळीत खळगा अजून तसाच आहे. त्यात माझा अंगठा नीट बसला. आई दारातून म्हणाली, “राहू दे रे तो.” मी पाते राखेने घासले, तेल लावले आणि चाकू खिळ्याला परत अडकवला.