येळवशीची आंबील, राबडीच्या अंगानं

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी, लातूर

उद्या येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, शिवारात जाऊन पूजा-जेवण करायचा सण. जिल्ह्याला सुट्टी, निम्मं गाव शिवारात. राजस्थानातून येऊन इथं पिढ्या काढलेल्या घरांना आंबील वेगळी शिकावी लागली नाही. राबडी, म्हणजे ताकात शिजवलेली पिठाची पातळ पेज, येतच होती. तिकडं बाजरी, इकडं ज्वारी, ताक दोन्हीकडं. फरक आहे तो ताक कधी घालायचं त्यात. राबडीत पीठ ताकातच शिजतं, आंबिलीत ताक मागाहून पडतं. दोन्ही रीती एकाच पातेल्यात चालतात, आणि चव जास्त खुलते.

वाटीभर ज्वारीचं पीठ दीड वाटी आंबट ताकात आज संध्याकाळीच कालवायचं. थंडीत ते आंबत नाही, म्हणून भांडं घोंगडीत गुंडाळून स्वयंपाकघरातच ठेवावं. सकाळी चार वाट्या पाण्याला मीठ-जिरं घालून उकळी आणायची, कालवण बारीक धारेनं सोडायचं, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं हलवत राहायचं. पिठामुळं ताक फुटत नाही, पण हात थांबला की गुठळ्या. पुरती गार झाली की मग आणखी तीन वाट्या ताक. गरम असताना घाई केली तर ते फाटू शकतं.

भज्जीत, म्हणजे बेसन लावलेल्या ओल्या दाण्यांच्या भाजीत, खरी अडचण लसणाची. सणाला कांदा-लसूण न खाणाऱ्या घरात पाव चमचा हिंग आणि आलं-मिरचीचा ठेचा फोडणीला. लसणाची चव येत नाही, येणारही नाही. तरी भज्जी उणी लागत नाही. सोलाणे, तुरीचे दाणे, वाल आधी मऊ शिजवावेत, चिंचेचा कोळ नंतर. आंबट आधी पडलं की दाणे टणक राहतात, मग कितीही उकळा. बेसन गार पाण्यात कालवून शेवटी, म्हणजे गोळे होत नाहीत.

उंड्यांसाठी, म्हणजे वाफवलेल्या पिठाच्या गोळ्यांसाठी, बाजरी आजच दळून आणलेली बरी. जुनं पीठ कडू होतं. उकळत्या पाण्यात मळून, तीळ लावून वाफवायचे. उरलेले उंडे परवा कुस्करून, तूप-गूळ घातला की चुरमा तयार. बाटीच्या चुरम्याहून हा हलका, माझ्या मते सरस.

केर-सांगरी, म्हणजे राजस्थानातली वाळवलेली भाजी, मात्र भज्जीत ढकलू नये. एकदा वाळवणाचा उग्र वास चढला की ओल्या दाण्यांची गोडी जाते. करायचीच तर वेगळ्या डब्यात, उंड्यांसोबत.