चोयाचं लाकूड, काळं रेझिन अन् बिदरीची नक्षी

निवडुंगाच्या लाकडाचा करंडा म्हटलं की आमच्या उदगीरकडं लोकांना खरंच वाटत नाही, कारण आपल्याला माहीत असलेला निवडुंग म्हणजे बांधावरचा फड्या. त्याच्याही वाळक्या फड्यात जाळी असते, पण ती लई नाजूक, लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, टिकत नाही. मी वापरतो तो चोया, अमेरिकेच्या नैऋत्य भागातला अन् उत्तर मेक्सिकोतला. झाड मेलं की वरचा गर गळून जातो अन् आरपार भोकांची पोकळ नळी उरते. ती इथं ऑनलाइन मिळते, फिशटँकच्या सामानात 'चोला वुड' म्हणून शोधा.

बहुतेक जण त्या भोकांत रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं प्लास्टिकसारखं द्रव, निळा-हिरवा चमकी रंग घालून भरतात. दिसतो छान, पण मला वाटतं त्यात नजर रंगावरच अडकते, लाकूड मागं पडतं. मी काळा भरतो. बिदर आम्हाला जवळ, बिदरीच्या सुरया अन् डब्या बघतच मोठा झालो, जस्त-तांब्याच्या भांड्याला किल्ल्यातल्या मातीनं आणलेला तो काळा रंग अन् त्यात बसवलेली चांदी. काळ्या रेझिनमध्ये चोयाचं फिकट लाकूड तसंच उठून दिसतं, अन् इथं नक्षी झाडानंच काढून ठेवलेली असते, आपण फक्त पटाशीनं ती वर आणायची.

आता मेहनतीचं. भोकांतला भुसा तारेच्या ब्रशनं पूर्ण काढा अन् लाकूड खडखडीत वाळवा, आत ओल किंवा हवा राहिली की बुडबुडे आलेच. साचा पीव्हीसी पाईपचा, आतून पॅकिंगची चिकटपट्टी लावायची म्हणजे रेझिन पाईपला धरत नाही. लाकूड वर तरंगतं, ते दाबून बांधा. हे रेझिन म्हणजे इपॉक्सी, दोन भाग मिसळून करायचं; त्यांचं प्रमाण डब्यावर वजनाचं सांगितलंय की मापाचं ते नीट वाचा, अंदाजानं ओतलेलं चिकटच राहतं.

अन् आपला उन्हाळा! इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापतं, त्यात बाहेर 42 अंश, म्हणजे डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या कितीतरी आधी ते मगातच उकळायला लागतं, जाड ओतलं तर तडेही जातात. म्हणून जाड थरासाठी हळू सेट होणारंच रेझिन घ्यायचं, अन् एप्रिल-मेमध्ये पहाटेच ओतायचं. माझी खरी कामं दिवाळीनंतरच सुरू होतात.

लेथवर पटाशीला धार पाहिजे अन् काप अगदी हलका, जोर दिला की लाकडाचा कोपरा उडतो. शेवटी पॉलिश पेपर पाणी लावून, 2000 नंबरपर्यंत. हातमोजे अन् चांगला मास्क सोडू नका, ती धूळ वाईट असते.

करंडा शोभेचाच, त्यात गरम काही ठेवू नका अन् खिडकीच्या उन्हात तर नकोच, साधं रेझिन 50-60 अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं.