आब्लो आणि आब्लो: स्पॅनिशच्या एका सरळ क्रियापदाने काढलेला घाम

ऑफिसात मेक्सिकोचा क्लायंट आला म्हणून ऑनलाइन स्पॅनिश क्लास लावला. पहिलं क्रियापद आब्लार, म्हणजे बोलणे. सुरुवातीला एच लिहायचा पण उच्चारायचा नाही. शेवटचं आर काढून मी, तू, तो, आम्ही, ते यांचे प्रत्यय लावले की आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लान. शाळेत 'देव' चालवलेल्यांना हे काहीच नाही, पटकन पाठ झालं.

मग आला भूतकाळ आणि तिथे जे अडकले ते अडकलेच. 'मी बोलते' म्हणजे आब्लो आणि 'तो बोलला' म्हणजेही आब्लो! वहीत देवनागरीत अक्षरशः तेच. फरक फक्त जोराचा, पहिल्यात आ वर, दुसऱ्यात ब्लो वर, आणि लिहिताना दुसऱ्याच्या ओ वर तिरकी रेघ. मराठीत जोर इकडचा तिकडे गेला म्हणून 'मी'चा 'तो' होत नाही, कानाला सवयच नाही. त्यात स्पॅनिशमध्येही कर्ता गाळतात, म्हणजे कोण बोललं आणि कधी, हे सगळं त्या जोरावरच. क्लासच्या अॅपवर बोलून रेकॉर्ड करायचं, लाल फुली, परत बोलायचं, परत लाल फुली, का ते कुठेच नाही. टीचरना विचारलं तर म्हणे ऐकत राहा, येईल हळूहळू. अहो, फी कशाची घेता मग!

नियम शेवटी स्वतःच शोधला आणि तो एवढुसा आहे. शब्द स्वर, एन किंवा एस वर संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्या. हे जिथे मोडतं तिथे रेघ. बस! आब्ले पण तसंच, रेघेशिवाय 'तुम्ही बोला' (आदराने), रेघेसकट 'मी बोलले'. मी प्रत्येक रूप म्हणताना जोराच्या जागी टेबलावर थाप मारायचे, घरचे वैतागले पण जीभ वळली.

हो, फोनवर ओ दाबून धरला की रेघवाला ओ मिळतो, मेसेजमध्ये आळस करू नका. आणि बोसोत्रोसची, म्हणजे जवळच्या लोकांना म्हणायच्या 'तुम्ही सगळे'ची रूपं मी सोडूनच दिलीत, ती स्पेनची, मेक्सिकोत 'तुम्ही सगळे'साठी सरसकट उस्तेदेस आणि त्याला रूप आब्लान.

आब्लामोसला मात्र थापही चालत नाही, 'आम्ही बोलतो' आणि 'आम्ही बोललो' दोन्ही एकच, सरळ आयेर म्हणजे 'काल' जोडून टाकायचं. एर-ईरवाली क्रियापदं त्यामानाने गरीब, कोमो म्हणजे 'मी खाते' आणि कोमिओ म्हणजे 'त्याने खाल्लं', बहिऱ्यालाही कळेल.