दुधाची म्हणून काढायला आणलेली दाढ
सात वर्षांची मुलगी, सोबत आजी. खालची उजवी दाढ किडलेली, थंड पाणी लागलं की कळ. "दुधाचीच आहे डॉक्टर, काढून टाका. नवी येईलच," आजी म्हणाल्या.

मी मधल्या रेषेपासून मागे मोजत गेले. दोन पटाशीचे, एक सुळा, दोन दुधाच्या दाढा आणि किडलेली सहावी. दुधाचे दात एकूण 20, म्हणजे प्रत्येक बाजूला वर पाच, खाली पाच. सहावी कायमचीच. सहाव्या वर्षाच्या सुमारास ती दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्या जागी आधीचा कुठलाच दात पडलेला नसतो, त्यामुळे नवी आली हे घरात कळतच नाही. पूर्ण वर यायला काही महिने जातात. तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, मागच्या भागावर हिरडी असते, आणि ब्रश तिच्या वरून निघून जातो. खोल खाचांत अन्न अडकतं ते तिथेच राहतं.

एक्स-रेत कीड दाढेच्या आतल्या नसेला भिडलेली, मुळांची टोकं उघडी. दाढ उगवल्यावर मुळं पूर्ण व्हायला तीनेक वर्षं लागतात आणि त्यासाठी आतली नस जिवंत हवी. म्हणून नेहमीचं रूट कॅनॉल केलं नाही. भूल दिली, रबर डॅम (दाढ लाळेपासून वेगळी ठेवणारा रबराचा पडदा) लावला, कीड काढली, दाढेच्या वरच्या भागातली नस तेवढी कापली. सोडियम हायपोक्लोराइटचा बोळा दाबून धरल्यावर पाच मिनिटांत रक्त थांबलं. मला हायसं वाटलं, कारण रक्त थांबत नाही तेव्हा मुळातली नसही सुजलेली असण्याची शक्यता मोठी. मग उरलेल्या नसेवर तीन मिलिमीटर एमटीए (नस झाकणारं सिमेंटसारखं औषध), वर ग्लास आयोनोमर (दात भरायचं सिमेंट) आणि स्टीलची कॅप.

काढली असती तर तिथे दुसरी येणार नव्हती. बाराव्या वर्षी येणारी मागची दाढ पुढे कलली असती, वरची खाली उतरली असती. आजींना एक्स-रेवर हे बोट ठेवून दाखवलं.

वरच्या दोन कायमच्या दाढांना सीलंट (खाचा बुजवणारा पातळ थर) केलं: 37 टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड 20 सेकंद, धुऊन दात खडूसारखा पांढरा दिसेपर्यंत सुकवायचं. मध्ये लाळ लागली तर सीलंट टिकत नाही. खालच्या डाव्या दाढेवर अजून हिरडी होती, कोरडं राहणं अशक्य, म्हणून तिथे सध्या ग्लास आयोनोमर. ब्रश ओठाच्या कोपऱ्यातून आडवा घालून त्या एकाच दाढेवर फिरवायचा, हे आजींकडून माझ्यासमोर करून घेतलं. पुढचा एक्स-रे सहा महिन्यांनी.