बालीत हातमाग बघायला जाताय? ड्रायव्हरच्या ओळखीचं दुकान आधी टाळा

उबुदहून निघताना ड्रायव्हर म्हणाला वाटेत अस्सल विणकर दाखवतो, आम्ही लगेच हो म्हटलं. मोठी शेड, दारात दोन बायका मागावर बसवलेल्या, मागे एसी शोरूम. साडेसहा लाख रुपियाहचं एंडेक (बालीचं नक्षीदार हातमागाचं कापड) घेतलं आणि रात्री हॉटेलवर उलटून बघितलं तर मागची बाजू फिक्कट, म्हणजे चक्क छापील! एंडेकमध्ये बाण्याचं (आडवं) सूत विणायच्या आधीच बांधून रंगवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना नक्षी सारखीच उठते आणि कडा जरा पसरट दिसतात. तेवढं बघूनच पैसे काढा. दुसऱ्या दिवशी क्लुंगकुंगच्या बाजारात तस्संच कापड दीड लाखाला होतं. पैसे गेले ते गेले, पण दारातल्या त्या बायकांना त्यातलं काय मिळालं असेल या विचाराने मला रात्रभर झोप नाही. पॉवरलूमची पैठणी हातमागाची म्हणून गळ्यात मारतात ना, तोच प्रकार.

मग गाडी सोडली आणि स्कूटरने तेंगानान या विणकरांच्या गावाला गेलो, किनाऱ्यावरच्या चंडीदासाहून आत तीनेक किलोमीटर, सोपा रस्ता. गेरिंगसिंग हे कापड फक्त इथलं. आपल्या पाटणच्या पटोळ्यासारखं, ताणा (उभं सूत) आणि बाणा दोन्ही आधी बांधून रंगवलेले. लाल रंग मुळांच्या सालीचा, निळा निळीचा, आणि रंगवायच्या आधी सूत महिन्याहून जास्त तेलात भिजवतात. एक इबू (म्हणजे बाई, तिकडे आदराने असं म्हणतात) कमरेला पट्टा बांधून विणत होत्या, चार-पाच धागे टाकले की थांबायचं, टोकदार काडीने एकेक धागा सरकवून नक्षीवर नक्षी आणायची, मग पुढे. अर्ध्या तासात बोटभर कापडसुद्धा झालं नाही! एका कापडाला वर्षं लागतात ती अशी.

तिथे घासाघीस करू नका, मनापासून सांगतो. मोठं परवडत नसेल तर छोटी पट्टी घ्या, पण विणणारीच्या हातून घ्या. गावातल्या दुकानांत सुंबा-फ्लोरेस या दुसऱ्या बेटांवरची कापडंही टांगलेली असतात, तेव्हा कुठलं, कुणी विणलं, रंग कसला हे विचाराच, खरी विणकर मागावर नेऊन दाखवते. तेवढा वेळ नसेल तर उबुदमधलं थ्रेड्स ऑफ लाइफ हे कापडांचं दालन बघा, 1998 पासून विणकरांबरोबर काम करतात, नैसर्गिक रंगांचंच कापड ठेवतात. फोटो टाकाल तेव्हा नुसतं 'बाली' लिहू नका, गावाचं नाव लिहा, पुढचं गिऱ्हाईक थेट त्यांच्या दारात जाईल. आणि कॅश चंडीदासातच काढून घ्या, माझं कार्ड गावात चाललं नाही, परत खाली जाऊन यावं लागलं.