आई काहीच नाही करत

“आई? ती काहीच नाही करत आत्ता. चित्र काढते.”

शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, तेव्हा आमच्या सहा वर्षांच्या कन्यारत्नानं दारातच दिलेलं हे उत्तर. काकू हसल्या. मीही हसले, हातात ब्रश तसाच.

नागपुरात नवतपा सुरू आहे. पारा ४५ ला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. या कोरड्या हवेत जलरंग म्हणजे शिक्षाच. दुसरा रंग सोडेपर्यंत पहिला वाळून मोकळा. म्हणून मी कूलरसमोर बसते. तिथल्या दमट हवेत कागद जरा जास्त वेळ ओला राहतो. तेवढ्यात समोरच्या बहाव्याचा पिवळा पसरून घ्यायचा. खसचा वास फुकट.

त्याआधी कूलरमध्ये सहा बादल्या पाणी, पन्हं, दोघांची भांडणं, धाकट्याला झोपवणं. ते सगळं तिच्या लेखी ‘काम’. आणि सकाळपासून ज्या पाऊण तासावर माझा डोळा असतो, तो ‘काहीच नाही’.

हे तिला शिकवलं कुणी?

मग आठवलं. परवाच माझ्या आईचा फोन आला होता, “काय करतेस?” आणि मीच म्हणाले होते, “काही नाही गं, बसलेय रंग घेऊन.”