बैलगाडीखालची ओळ

२३ ऑगस्ट २०२३. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३चा लँडर विक्रम चंद्रावर उतरला, डेस्कवर पेढे फिरले आणि माझ्या वाट्याला आतलं पान आलं. जुने फोटो दोन: केरळातल्या थुंबा रॉकेट तळावर सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचं टोक आणि बैलगाडीवर 'अ‍ॅपल' उपग्रह. मथळा दुपारीच ठरलेला: 'बैलगाडीतून चंद्रावर'. मोठ्या दिवशी मथळा आधी येतो, मजकूर मागून.

फोटोओळ हे आमच्याकडे शिकाऊ पोराचं काम. वाचक मात्र आधी तीच वाचतो. पोरानं लिहिलं होतं : '१९६३ : रॉकेट सायकलवरून नेताना.' आणि खाली, 'ट्रकला पैसे नव्हते, पण जिद्द होती!'

दोन्ही चूक. सायकलचा फोटो फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँचा, १९६६चा. २१ नोव्हेंबर १९६३ला उडालं ते नाइके-अपाची रॉकेट थुंब्यातल्या चर्चच्या इमारतीतून ट्रकनंच तळावर गेलं. क्रेनच्या हायड्रॉलिकला गळती लागली, रॉकेट कलायला लागलं, तेव्हा माणसांनी ते हातांनी चढवलं. ही गोष्ट सायकलपेक्षा किती भारी! पण तिचा फोटो आपल्याकडे नाही, म्हणून ती नाही.

आणि १९६३ला ट्रक होता तर 'अ‍ॅपल'च्या वेळी नसेल? हा भूस्थिर दळणवळण उपग्रह दोन वर्षांत औद्योगिक शेडमध्ये बांधला. १९ जून १९८१ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून युरोपच्या एरियन रॉकेटनं तो नेला. बैलगाडी आली ती अँटेनाच्या चाचणीसाठी. मोकळ्या मैदानात मोजमाप घ्यायचं, तर खाली ट्रकचं लोखंड नको. लहरी त्यावर आपटून परत येतात आणि आकडे बिघडतात.

"तुझं खरं असेल," मुख्य उपसंपादक म्हणाले, "पण डोळ्यांत पाणी येत नाही." तोवर बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटलीही. इकडे डिझायनरनं बैल पूर्ण दिसावेत म्हणून उपग्रहाचा माथा उडवला होता. मी म्हटलं, बाबा रे, पान उपग्रहाचं आहे, पोळ्याचं नाही. शहर आवृत्तीत क्रॉप सुधारला आणि अठरा शब्दांच्या जागेत माझी ओळ कोंबली. त्यात 'धातूविरहित बैलगाडी' असा शब्द होता. घरी जाताना त्यावर मी खूश होतो.

सकाळी अकराला फोन. आवाज म्हातारा.

"ही ओळ कोणी लिहिली?"

"मीच. बोला ना काका."

"आमच्याकडं सुतारकी. चाकाला धाव असते ना? ती लोखंडाची. लोहार तापवून चढवतो. आख तर हल्ली लोखंडीच. बिनधातूची गाडी माझ्या बापानं कधी केली नाही."

मी म्हटलं, ट्रकपेक्षा धातू पुष्कळच कमी, हे तरी बरोबर ना?

"मग तसं लिहायचं."

त्यांनी चिडून नाही, चूक दाखवावी तसं सांगितलं आणि ठेवलाही. पोराला मी आदल्या रात्री चारचौघांत झापलं होतं. आता माझ्याही ओळीत तेच झालं होतं: अठरा शब्दांत बसावं म्हणून 'कमी'चं 'विरहित'.

दुरुस्ती छापू का, असं विचारलं, तर वरचे हसले. तेव्हापासून तो फोटो मी कितीदा मोठा करून पाहिलाय. चाकापाशी आलो की नुसते ठिपके उरतात. धाव आहे की नाही, कळत नाही.